आन्ह हायचं घर, पद्माची सही

पद्मा मगदूम मेलबर्नला उतरली तेव्हा तिच्याकडे कुकरीच्या कोर्सची ॲडमिशन, दोन बॅगा आणि इचलकरंजीच्या बाजारातून घेतलेला एक जाड स्वेटर होता. वडील यंत्रमागावर जॉबर, माग दुरुस्त करणारे. घरात कुणी कधी पाव भाजलेला नव्हता, आणि ही इथे येऊन बेकर झाली. तिला बेकर केलं तोआन लेने. हे सुरुवातीलाच सांगते, कारण या माणसाबद्दल मी पुढे जे लिहिणार आहे त्यात चांगला शब्द सापडणार नाही. आणि पद्माने मला बजावलंय, "मयूरा, लिहायचंच असेल तर पहिल्यापासून लिही. तुझ्या सोयीचं तेवढंच नको."

तर पहिल्यापासून.

तोआन ले हा आज चौदा वर्षांची शिक्षा भोगतोय. मेलबर्नच्या वेस्टमधला गांजाचा मोठा धंदा दहाएक वर्षं त्याच्या हातात होता. पण पद्मा त्याला भेटली तेव्हा तो सनशाइनमधल्या एका बेकरीत एप्रन बांधून पीठ मळणारा, चाळिशीकडे झुकलेला, हसरा माणूस होता. पद्मा नोकरी मागायला गेली तेव्हा तिने आधी अकरा दुकानांत विचारलं होतं. तोआनने तिला काही विचारलं नाही. पिठाचा गोळा पुढे सरकवला आणि म्हणाला, "मळ." पोळ्या लाटलेल्या हातांनी तिने तो मळला. "उद्यापासून ये," तो म्हणाला.

बेकरीतले सगळे त्याला 'आन्ह हाय' म्हणायचे. आन्ह म्हणजे दादा, हाय म्हणजे दोन नंबर. दक्षिण व्हिएतनाममध्ये थोरल्या भावंडाला दोन नंबरचं म्हणतात, एक नंबर मोजतच नाहीत. पद्माही आन्ह हाय म्हणायला लागली.

त्या वर्षी वेस्टच्या स्टेशनांवर भारतीय विद्यार्थ्यांना गाठून मारहाण व्हायची, फोन आणि लॅपटॉप हिसकावून न्यायचे. संध्याकाळी शिफ्ट संपली की तोआन पावाची व्हॅन काढायचा आणि पद्माला घरापर्यंत सोडायचा. ती आत जाऊन दिवा लावेपर्यंत व्हॅन हलायची नाही. वाटेत तो स्वतःबद्दल सांगायचा. नऊ वर्षांचा असताना बोटीतून निघाला होता. वडील समुद्रातच गेले. मलेशियाजवळच्या एका बेटावर, रेफ्युजी कॅम्पमध्ये दीड वर्ष काढलं. आई रांगेत उभी राहून भात आणायची आणि त्यातला अर्धा दुसरं कुणीतरी धमकावून काढून घ्यायचं. "मी तेव्हाच ठरवलं," तो म्हणायचा, "माझ्या माणसांचा भात कोणी काढून घेणार नाही."

पद्मा रडायची ते ऐकून. आज ते आठवलं की तिच्या कपाळाची शीर उडते. कारण त्याने तिला खोटं काहीच सांगितलं नव्हतं. बोट खरी, बेट खरं, भातही खरा. परक्या देशात एकटं पडलेलं माणूस कसं दिसतं, कशाला घाबरतं आणि कशासाठी गप्प बसतं, हे त्याला स्वतःच्या अंगावरून माहीत होतं. त्या माहितीचाच त्याने धंदा केला.

तिच्या रेसिडेन्सीच्या कागदांवर एम्प्लॉयर म्हणून त्याची सही आहे. ती झाल्यावर श्रीनिवासशी लग्न, मग उर्वी, मग ट्रुगानिनामध्ये घर. श्रीनिवास कुरियरची व्हॅन चालवतो. मी त्यांच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहते. इथल्या मराठी मंडळाच्या कमिटीवर पद्मा आणि मी एकाच वर्षी आलो.

तोवर तोआनच्या चार बेकऱ्या झाल्या होत्या. मग तो पीठ आणि ओव्हन बाहेरून मागवून इतरांना विकायला लागला. मग लग्नासमारंभांचा एक हॉल घेतला, चारशे माणसांचा. व्हिएतनामी नववर्षाच्या जत्रेत त्याचं नाव बॅनरवर, बुद्धाच्या देवळाच्या नव्या छपरावर त्याचं नाव. आणि एके वर्षी आमच्या गणेशोत्सवाच्या बॅनरवरही. हॉल फुकट दिला, वर चारशे जणांचं जेवण. आमचा अध्यक्ष हृषीकेश स्टेजवर म्हणाला, "आपले मोठे बंधू, तोआनभाऊ!" क्रीम रंगाचा सिल्कचा कुर्ता घालून तोआन आला, शाल आणि श्रीफळ घेतलं, वाकून नमस्कार केला. तबक माझ्या हातात होतं. टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या, मीही.

कुणी विचारलं नाही की चार बेकऱ्यांमधून एवढं सगळं येतं कुठून.

त्यानंतरच्या वर्षी बेकरीत लिएन आली. छत्तीस वर्षांची, पद्माच्याच वयाची. इंग्लिशच्या कोर्सवर आलेली, पण कॉलेजला कधी जाताना कोणी पाहिलं नाही. तिचा मुलगा व्हिएतनाममध्ये आजीपाशी होता. पद्माने तिला पावावर चिरा कशा द्यायच्या ते शिकवलं. दोघींचं इंग्लिश वेगवेगळ्या ठिकाणी मोडायचं, पण अडायचं नाही. लिएनला पद्माच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी फार आवडायची. एकदा पद्माने सहज विचारलं, "तुझ्या व्हिसाला अजून किती दिवस आहेत?" लिएन म्हणाली, "माहीत नाही. पासपोर्ट आन्ह हायकडे आहे. सांभाळून ठेवलाय." पद्माला ते खटकलं. आणि खटकलेलं तिने तसंच बाजूला ठेवलं.

मग एका दुपारी, बेकरीत गर्दी नसताना, तोआन एक फॉर्म घेऊन काउंटरवर आला.

"पद्मा, माझ्या मावशीचं कुटुंब येतंय. इथे त्यांची रेंटल हिस्ट्री नाही, एजंट घर देत नाहीत. लीज तुझ्या नावावर घेऊ? भाडं मी बघतो."

"कुठे आहे घर?"

"तुझ्याच सबर्बमध्ये. तुझ्या ओळखीचे शेजारी होतील."

पद्माने एप्रनला हात पुसले आणि सही केली. ज्या माणसाच्या सहीवर ती या देशात राहिली त्याला सही नाकारायची कशी?

दोन महिन्यांनी लिएन बेकरीत यायची बंद झाली. पद्माने विचारलं तेव्हा तोआन ओव्हनमधले ट्रे काढत होता. "पर्थला गेली. कझिनचं शेत आहे. नो वरीज, तिथे पगार जास्त आहे." लिएनचा फोन बंद. पद्मा रुसली म्हणे, एक मेसेजही न करता गेली म्हणून.

ते भाड्याचं घर पद्माच्या चालायला जायच्या रस्त्यावर होतं. विटांचं, नवंकोरं, पुढे गवताचा चौकोन. ब्लाइंड्स कायम खाली. दिवाळीत ती चकल्या आणि शंकरपाळ्यांचा डबा घेऊन गेली. बेल वाजवली, पुन्हा वाजवली. आत ब्लाइंडची एक पट्टी हलल्यासारखी वाटली. मावशीचे लोक बुजरे असतील असं म्हणून तिने डबा पायरीवर ठेवला आणि परत आली. आमच्या वसाहतीत हे कोणालाच विचित्र वाटत नाही. इथे शेजाऱ्याचा चेहरा कचऱ्याचा बिन बाहेर काढताना दिसतो, तोही पंधरा दिवसांतून एकदा.

दीड वर्ष असं गेलं.

जानेवारीतला मंगळवार होता. बेचाळीस डिग्री. पद्माला सुट्टी होती. साडेबाराच्या सुमाराला उर्वी मागच्या दाराने आत आली आणि म्हणाली, "Mum, there's heaps of smoke. Like, really close."

दोघी धावत गेल्या तेव्हा छपराच्या एका कोपऱ्यातून काळा धूर निघत होता आणि फायर ब्रिगेडचे लोक पुढचं दार फोडत होते. दार फोडायला वेळ लागला, कारण त्याला बाहेरून जादा कुलूप होतं. आत कोणी असेल असं त्यांना वाटलंच नव्हतं. मग एकजण ओरडला. दोघांनी मिळून एका बाईला बाहेर आणलं. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेले, केस चिकटलेले, वजन अर्धं झालेलं. तिला त्या गवताच्या चौकोनावर आडवं केलं तेव्हा पद्माने ओळखलं. लिएन.

ती पर्थला गेलीच नव्हती. दीड वर्ष ती पद्माच्या घरापासून चालत सहा मिनिटांवर होती.

घरात बेड नव्हते, सोफा नव्हता. प्रत्येक खोलीत झाडं, त्यांच्यावर मोठे दिवे, काळे पाइप. दिव्यांची वीज मीटरच्या आधीच, जमिनीखालून चोरलेली होती. त्या उघड्या जोडणीने त्या उन्हात पेट घेतला. झाडांना पाणी घालायला, पानं छाटायला घरात एक माणूस कोंडलेला. आठवड्यातून एकदा कोणीतरी येऊन खायचं ठेवून जायचं आणि पुन्हा कुलूप लावायचं.

एका पोलिसाने जमलेल्या लोकांकडे बघून विचारलं, "हे घर कोणी भाड्याने घेतलंय, माहीत आहे का कोणाला?"

उर्वी आईकडे बघत होती. तिला काहीच माहीत नव्हतं. पद्मा पुढे झाली.

"मी," ती म्हणाली.

त्या दिवशी पोलिसांनी तिला चार तास स्टेशनवर बसवून ठेवलं आणि सोडलं. सही कोणाच्या सांगण्यावरून केली हे तिने त्या दिवशी सांगितलं नाही. आधी वकील बघते, एवढंच म्हणाली. ती घरी आली आणि तासाभरात तोआन दारात. हातात आंब्यांची पेटी. श्रीनिवासने त्याला आत घेतलं, पाणी दिलं. सवयीने.

"पद्मा, घाबरू नकोस," तोआन म्हणाला. "सांग, की ऑनलाइन जाहिरात बघून एक माणूस आला, त्याला घर वापरायला दिलं, नाव आठवत नाही. वकील माझा. पहिलाच गुन्हा, काही होत नाही."

"लिएनचे हात बघितलेत तुम्ही?"

"तिचं मी बघतो."

"दीड वर्ष बघितलंत ना तुम्ही तिचं. बाहेरून कुलूप लावून."

तोआनने आंब्यांची पेटी टेबलावर ठेवली. मग अगदी हळू, व्हॅनमध्ये बोलायचा त्याच आवाजात म्हणाला, "तुला या देशात कोणी ठेवलं, पद्मा?"

पद्मा मला सांगत होती, "मयूरा, इंग्लिशमध्ये काय, सगळ्यांनाच यू. पण त्या क्षणापर्यंत माझ्या मनात तो 'तुम्ही' होता. तिथून पुढे 'तू' झाला. मी म्हटलं, तू ठेवलंस. पिंजऱ्यात ठेवायची बाई तू वेगळी निवडलीस, आणि पिंजऱ्यावर नाव घालायची बाई वेगळी. मी सहीच्या कामाची होते म्हणून मला व्हॅनने घरी सोडलंस. तिचा मुलगा लांब होता म्हणून तिला कोंडलंस. ऊठ. तुझे आंबे घे आणि ऊठ."

तो उठला. जाताना श्रीनिवासला म्हणाला, "बायकोला समजाव. मुलगी मोठी होतेय." एवढंच. आवाज न चढवता. श्रीनिवासने दार लावलं, साखळी घातली आणि तिथेच जमिनीवर बसला.

"तो म्हणतो तसं सांग," तो म्हणाला. "पद्मा, हात जोडतो. आपण कुठे पुरे पडणार त्याला? उर्वीची शाळा आहे."

"उर्वीसमोरच मी हो म्हणालेय पोलिसाला," पद्मा म्हणाली. "आता तिच्यासमोर नाही म्हणू?"

दुसऱ्या दिवशी हृषीकेशचा फोन आला. लिएनची चौकशी करायला नव्हे. "पद्मा, स्टेटमेंटमध्ये मंडळाचा उल्लेख येणार नाही एवढं बघ. कौन्सिलची ग्रँट पेंडिंग आहे. आणि तू काही दिवस कमिटीतून ब्रेक घे ना, तुझ्याच भल्यासाठी." पद्माने फोन ठेवला नाही, ठेवायचा असतो हेही तिला सुचलं नाही. तो हॅलो हॅलो करत राहिला.

दोन दिवसांनी ती हॉस्पिटलमध्ये गेली. बाहेर पोलीस होता. त्याने नाव लिहून घेतलं, दहा मिनिटं दिली आणि स्वतः दारात उभा राहिला. लिएनच्या हातांवर बँडेजचे गोळे होते. पद्माला बघून ती म्हणाली, "तू आली होतीस एकदा. मी बघितलं. दार उघडता येत नव्हतं. तो डबा दुसऱ्या दिवशी माणूस आला त्याने आत आणला, थोडं मला दिलं." मग म्हणाली, "हाक मारली असती. पण ते म्हणाले होते, मुलाचं घर माहीत आहे."

पद्मा तिथून थेट पोलीस स्टेशनला गेली. गाडी कशी चालवली ते आठवत नाही म्हणते. सहा तास बोलली. फॉर्म कोणी आणला, कुठे सही केली, काय बोलणं झालं, पासपोर्टचं काय, पर्थचं कोणी सांगितलं, आंबे घेऊन कोण आलं. पोलीस दोन वर्षं तोआनच्या मागावर होते, पण एकाही घराशी त्याला जोडता येत नव्हतं. घरं तेवीस, आणि तेवीस नावं वेगवेगळी: बेकर, क्लीनर, नेल सलूनमधली मुलगी, टॅक्सीवाला, विद्यार्थी. कोणीच तोंड उघडत नव्हतं. का ते कोर्टात कळलं. एका घरातून पळालेला माणूस वेरिबीजवळ सापडला होता, दोन्ही मनगटं मोडलेली. पद्मा बोलली, त्यानंतर आणखी दोघं बोलले.

तोआनला शनिवारी सकाळी बेकरीत पकडलं. एवढा मोठा झाला तरी शनिवारी पीठ स्वतः मळायचा. एप्रन काढू द्या म्हणाला, तेवढं मात्र करू दिलं त्यांनी.

बेकऱ्या बंद झाल्या, पद्माची नोकरी गेली. तिच्यावरही केस होणार असं आठ महिने टांगून ठेवलं, मग सोडून दिलं. त्या आठ महिन्यांत आमच्यातले किती लोक तिच्या घरी गेले? मोजायला एका हाताची बोटं पुरतात. देशी किराणा दुकानात बायका तिला बघून दुसऱ्या रांगेत जायच्या. "हिला माहीतच नव्हतं असं कसं?" हे वाक्य मी चार जणींच्या तोंडून ऐकलं. त्या चौघीही त्याच्या हॉलमध्ये जेवल्या होत्या.

खटल्यात तोआनच्या वकिलाने तेच विचारलं. "तुम्ही समंजस, अनुभवी बाई आहात. बंद घर, ब्लाइंड्स खाली, मैत्रीण गायब. तुम्ही एकदाही प्रश्न विचारला नाहीत?"

"नाही विचारला," पद्मा म्हणाली. "तो माझा दोष. मी तो इथे उभं राहून सांगतेय. आता तुमच्या अशिलाला सांगा, त्याचा त्याने सांगावा."

जजने तिला प्रश्नापुरतं उत्तर द्यायला सांगितलं. तोआनने मान वर केली नाही. केस पिकले होते, कोट ढिला झाला होता. शिक्षेच्या आधी त्याच्या बाजूने बोट, बेट आणि आईचा भात सगळं वाचून दाखवलं. देवळाची पत्रं होती, जत्रेची होती. मंडळाचं पत्र मागितलं होतं, पण हृषीकेशने उत्तरच दिलं नाही. हे तो पुढे शौर्य म्हणून सांगायचा. जज म्हणाले, ज्याने स्वतः हे सोसलं त्याने दुसऱ्याला त्यात लोटावं, हे मी त्याच्या बाजूने मोजणार नाही. चौदा वर्षं, त्यातली दहा पुरी झाल्याशिवाय पॅरोल नाही.

आणि लिएन? लिएनवरही केस झाली. गांजाची झाडं वाढवल्याची. कोंडून घातलेली बाई कायद्याच्या वहीत 'कल्टिव्हेटर' ठरते. वकिलाने तिला गुन्हा कबूल करायचा सल्ला दिला, तिने केला. पंधरा महिने. बायकांचा तुरुंग आमच्यापासून गाडीने दहा मिनिटांवर आहे. पद्मा दर रविवारी जायची. चटणी आत नेता यायची नाही, म्हणून नुसतीच जायची. लिएनच्या डाव्या हाताची मूठ मिटत नव्हती. शिक्षा संपली त्याच दिवशी इमिग्रेशनने तिला ताब्यात घेतलं आणि तीन आठवड्यांनी विमानात बसवलं. निघायची तारीख पद्माला कोणी कळवली नाही. ती नेहमीसारखी, आता इमिग्रेशनच्या डिटेन्शन सेंटरवर, भेटायला गेली तेव्हा खिडकीतली बाई म्हणाली, "She's departed, love."

लव्ह म्हणे! पद्मा पार्किंगमध्ये गाडीत बसून इतकी ओरडली की सिक्युरिटीवाला आला.

आता ती एका हॉस्पिटलच्या किचनमध्ये काम करते. लिएनशी व्हिडिओवर बोलते. लिएन गावात आईच्या घरी आहे, मुलगा तिच्यापेक्षा उंच झालाय, एका हाताने जमेल ते काम करते.

गेल्या ऑगस्टमध्ये मंडळाची एजीएम, म्हणजे वार्षिक सभा होती. तोआनबरोबरचे सगळे फोटो पेजवरून केव्हाच काढले होते, बॅनर कोणाच्या तरी गराजमध्ये गेले होते. पद्मा उभी राहिली. तिची मागणी एकच होती: मंडळाने या माणसाकडून काय काय घेतलं ते मिनिट्समध्ये लिहावं, आणि लिएनला मंडळातर्फे एक पत्र पाठवावं, की आमचं चुकलं.

"आपलं काय चुकलं?" हृषीकेश म्हणाला. "आपल्याला कुठे माहीत होतं?"

"आपण विचारलं नाही."

"पद्मा, झालं ते झालं. मुलांचे डान्स आहेत अजून, वेळ नाही. बरं, मतदान घेऊ. पद्माच्या बाजूने कोण?"

सत्तर माणसं होती हॉलमध्ये. एक हात वर झाला, श्रीनिवासचा. पद्माने मागे वळून बघितलं, सगळ्यांकडे, आणि माझ्याकडे. मग पर्स उचलली आणि निघून गेली.

त्यानंतर पाच महिने ती माझ्याशी बोलली नाही. मेसेज वाचायची, उत्तर नाही. जानेवारीत एक दिवस दुपारी बेल वाजली. ती होती. आत आली, उभीच राहिली.

"तू हात का वर केला नाहीस?"

मी म्हणाले, "घाबरले गं."

"कोणाला?" पद्मा म्हणाली. "तोआन आत आहे. तू कोणाला घाबरलीस, मयूरा? हृषीकेशला? डान्सला उशीर होईल त्याला?"

मी तिला बस म्हणाले, ती बसली नाही. शेवटी मी कागद घेतला आणि लिएनला लिहायचं पत्र तिच्यासमोर लिहायला लागले, मंडळाचं नव्हे, माझं. पहिलं वाक्य वाचून ती म्हणाली, "'दुर्दैवाने' काढ. दुर्दैव नव्हतं ते." मी खोडलं. दुसऱ्या वाक्यातलंही एक खोडायला लावलं. संध्याकाळपर्यंत ती तशीच माझ्या डोक्यावर उभी होती, आणि पत्र जेमतेम सात ओळींचं झालं होतं.